अंगावर वाळवलेली बाळोती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. उंबरघोळात कोणालाही विचारलं तरी तो हात वर करून कड्याकडे दाखवतो, म्हणजे त्याला विचारा, तो तेव्हाही होता. तर बसा, नीट पाय पसरून बसा. लहान पोरं पुढे या. आणि ज्यांच्या मांडीवर तान्हं आहे त्यांनी आधी त्याचं बूड चाचपून घ्या. ओलं असेल तर बदलून या, मी थांबतो. ही गोष्ट ओल्या बुडाचं पोर घेऊन ऐकायची नाही, असं म्हणतात.

उंबरघोळ हे घाटमाथ्यावरचं गाव. तीस-चाळीस उंबरे, खाली भाताची खाचरं, वर वाघजाईचं देऊळ. मृगानंतर ढग एकदा कड्याला टेकले की नवरात्रापर्यंत उठायचं नाव घेत नाहीत. मीठ मडक्यातल्या मडक्यात पाझरतं, भिंतीला शेवाळ धरतं, आणि धुतलेलं लुगडं दांडीवर आठ दिवस लोंबून शेवटी आंबूस वास मारायला लागतं. मोठ्या माणसाचं त्यात भागतं. तो ओलं नेसून भाताच्या आवणीला जातो आणि तिथे आणखी भिजून येतो, त्याला काय फरक पडणार. पण तान्ह्याचं तसं नसतं. त्याला दिवसातून वीस वेळा कोरडं लागतं, आणि ते तो मागत नाही, नुसता रडतो.

त्या काळी गावात एक म्हण होती, आषाढाचं पोर दिवाळीचा दिवा बघत नाही. आधी त्याचं अंग गार पडायचं, मग छाती घरघरायची, आणि मग एके दिवशी घरघर थांबायची. लोक कपाळाला हात लावून म्हणायचे, सटवाईनं लिहिलंय ते कोण पुसणार? आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच व्हायचं.

आता तुम्ही म्हणाल, घरात चूल होती की, चुलीवर वाळवायची फडकी. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. मूल जन्मलं की बारा दिवस सुवेर, म्हणजे जन्माचा विटाळ. बाळंतिणीच्या खोलीतलं चिरगूटसुद्धा चुलीच्या वाऱ्याला न्यायचं नाही, कारण चुलीवर देवाचा नैवेद्य शिजतो. बारा दिवस उलटल्यावरही मुताचं फडकं चुलीपाशी म्हटलं की बायका कानांवर हात ठेवायच्या. बाळंतिणीच्या बाजेखाली आगटी असायची, पण मूठभर निखाऱ्यांची. तिच्यावर एक बाळोतं सुकेपर्यंत बाळ चार भिजवून मोकळं व्हायचं. बाळोतं म्हणजे तान्ह्याच्या कमरेला बांधायचं फडकं, हे शहरातून आलेल्यांसाठी सांगतो. त्यांच्याकडे ते पुडक्यातून येतं.

अशा गावात ठमाई सून होऊन आली. तेव्हा ती ठमाई नव्हती, नुसती ठमा होती. माहेर देशावरचं, जिथे घागरभर पाण्यासाठी बाया कोसभर चालतात आणि धुणं टाकून मागे वळेपर्यंत ते कडकडीत वाळलेलं असतं. तिला उंबरघोळात तीन लेकरं झाली, तिन्ही आषाढ-श्रावणातली, आणि तिन्ही गेली.

तिसऱ्याला माती देऊन आल्यावर तिनं त्याची बाळोती दांडीवरून काढली. रीत अशी होती की ती ओढ्यात सोडून द्यायची. तिनं एकेकाची घडी घातली. हाताला ती कोरडी लागत होती. आदल्या दिवशीही कोरडीच लागली होती, म्हणून तर तिनं ती बाळाला बांधली होती. शेवटचं बाळोतं तिनं तोंडाशी धरलं, रडायला म्हणून धरलं, आणि ते गालाला लागलं. गालाला ते गार लागलं. ओलं होतं ते.

ठमानं आपला तळवा बघितला. आवणीनं, शेणकुटानं, जात्याच्या खुंट्यानं तिचा तळवा राठ झाला होता, त्याला ओल कळतच नव्हती. गालाला कळत होती. गावातल्या सगळ्या आया हातानं चाचपून लेकरांना ओल्यात गुंडाळत होत्या, आणि त्यांतली एक ती स्वतः होती. तीन वेळा तिनंच आपल्या हातानं ते केलं होतं. असं म्हणतात की त्या दिवशी ठमा रडली नाही. बाळोतीही तिनं ओढ्यात सोडली नाहीत. माहेराहून आणलेली एकुलती एक सुई तिनं फडताळातून काढली आणि ती उंबऱ्यावर उजेडाला जाऊन बसली.

ती काय शिवायची ते नीट ऐका, कारण गावात आजही तसंच शिवतात. कापड घ्यायचं ते जुनं, चार वर्षं नेसून मऊ झालेलं लुगडं. कोरं कापड ती तान्ह्याच्या जवळ येऊ देत नसे. कोरं कापड पाणी पीत नाही आणि अंगाला कापतं. दोराही त्याच लुगड्यातून उसवून काढायचा. चार पदर एकावर एक ठेवायचे, पण चारी बाजूंनी शिवून बंद करायचे नाहीत. एकाच कडेनं शिवायचे, म्हणजे बांधताना चार पदर जाड आणि वाळत घालताना केळफुलासारखे सुटे. दोऱ्याला गाठ मारायची नाही. पहिला टाका दोनदा घालून दोरा आवळायचा, कारण गाठ तान्ह्याच्या कमरेत रुतते. शिवणीची कड बाहेरच्या अंगाला ठेवायची. दोन्ही टोकांना नाड्या लावायच्या, आणि त्या उरलेल्या काठाच्या, म्हणजे वाया काही जात नाही.

आणि या सगळ्यावर बांधायला लोकरीचं एक आवरण, त्याला गावात नुसतं 'वरलं' म्हणतात. ती लोकर कोकराच्या पहिल्या कातरणीची. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या धनगरांच्या बायांना ठमा त्यांच्या लेकरांसाठी लंगोट शिवून द्यायची, आणि त्या तिला ओंजळभर लोकर द्यायच्या. वरलं असलं की आतलं भिजलं तरी ओल दुपट्यात उतरत नाही आणि ऊब बाहेर पळत नाही. देशावरच्या बाईला लोकर कळते, पाणी नाही, असं लोक म्हणायचे. पण तिला दोन्ही कळली होती.

पहिल्यांदा गाव हसलं. मुतायच्या फडक्याला एवढं शिवणकाम? कोंडाबाई नावाची एक होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "ठमीनं आता चिंध्यांचा संसार मांडलाय." ठमानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या सुनंला कितवा म्हयना?" कोंडाबाईनं घागर उचलली आणि घरची वाट धरली. दोन महिन्यांनी तिच्या घरी नातू झाला तेव्हा ठमा न बोलावता बारा बाळोती आणि दोन वरली घेऊन तिच्या दारात उभी होती.

जिथे पाळणा हलायचा तिथे ती जायची. बांधण्याआधी प्रत्येक बाळोतं गालाला लावायची आणि बाळंतिणीलाही लावायला सांगायची. "हात खोटं बोलतो बायांनो," ती म्हणायची, "गाल बोलत न्हाई." हळूहळू आषाढातली काही पोरं दिवाळीचा दिवा बघू लागली. काही, सगळी नाही. गावातल्या लेकीसुना तिला ठमाई म्हणू लागल्या. आपलं एकही लेकरू हाताशी नसलेल्या बाईला सगळं गाव आई म्हणू लागलं, हे काही लहान नाही.

पण चुलीचा नेम काही सुटला नाही. तिनं घरोघर सांगून पाहिलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग तो आषाढ आला.

उंबरघोळात गुरवाचं घर एकच, भिवा गुरवाचं. वाघजाईची पूजा त्याच्या हातची आणि नैवेद्य त्याच्या चुलीवरचा. दुसरा गुरव नाही, म्हणजे त्या घरात मूल झालं तर सुवेर पाळायला बारा दिवस देवी उपाशी राहणार. म्हणून वाडवडिलांनी एक तोड काढली होती. गुरवाच्या घरातल्या बाळंतिणीला गोठ्यात ठेवायचं, आणि बारा दिवस गुरवानं ना तिला शिवायचं, ना मुलाचं तोंड बघायचं. भिवाची सून सगुणा त्याच गोठ्यात दोनदा बाळंत झाली होती आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी घरात परत आली होती. आता तिसऱ्या खेपेला सातव्याच महिन्यात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला रडायलाही जोर नव्हता.

ठमाई आधीपासूनच गोठ्यात मुक्कामाला होती. तिनं त्या पोरीसाठी एकवीस बाळोती शिवून आणली होती. पण त्या साली पाऊस लागला तो लागलाच. ओढ्यानं काठ सोडला, आगटीचा कोळसा ओला झाला, आणि घराघरांतलं जळण भिजून एकेक चूल विझत गेली. माणसं भिजवलेले पोहे खाऊन दिवस काढू लागली. फक्त गुरवाच्या घरात देवीसाठी रचून ठेवलेली कोरडी लाकडं होती आणि तिथेच काय तो विस्तव होता. गोठ्यात दुसऱ्याच दिवशी एकविसाव्या बाळोत्याची घडी मोडली, आणि पहिलं अजून ठिबकतच होतं.

ठमाई डोक्यावर इरलं घेऊन गुरवाच्या अंगणात उभी राहिली.

"भिवादा, चुलीवर दांडी बांधू दे. पोरीची बाळोती वाळंनात."

"सुवेर हाय, ठमे," भिवा उंबऱ्याआडून म्हणाला. "तुला का ठावं न्हाई?"

"ठावं हाय. पोर गार पडाय लागलीया."

भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता, हे ध्यानात ठेवा. "माझी नात हाय ती," तो म्हणाला. "माझ्या पोटात तुटत न्हाई व्हय? पर ही चूल माझी न्हाई, देवीची हाय. तिच्यावर बाळंतिणीचं फडकं आलं आन् उद्या गावावर कडा कोसळला, तर मी कुणाला तोंड दावू?"

आणि कडा कोसळण्यासारखाच झाला होता. त्याच्या पायथ्याशी पाण्याचे नवे नवे झरे फुटले होते, ते दोघंही बघत होते.

"बरं," ठमाई म्हणाली. "चूल देवीची. आंग तर माझं हाय."

ती गोठ्यात परत गेली. तिनं ओली बाळोती घट्ट पिळली आणि एकेक करून आपल्या उघड्या अंगाला बांधली. पोटाला, पाठीला, काखेत, मांड्यांना. वरून लुगडं आवळलं. गोठ्याच्या कोपऱ्यात जुनं जातं होतं, त्याच्यापाशी ती बसली, खुंटा धरला आणि दळायला लागली. दळलं की अंग तापतं, हे बाईला सांगावं लागत नाही. नाचणीचं एक पायलीचं दळण उतरेपर्यंत तिच्या लुगड्यातून वाफ निघायला लागली. दळण संपल्यावर तिनं पोटावरचं बाळोतं सोडलं, गालाला लावलं आणि सगुणाच्या हातात दिलं. ते कोरडं होतं, वर ऊबदारही होतं. त्या नुकत्या जन्मलेल्या जिवाला पहिल्यांदा ऊन लागावं तसं झालं आणि पोरगी रडली. तिचं रडणं तोवर कोणी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवसापासून जातं थांबलं नाही, असं म्हणतात. दुसरा दिवस, तिसरा दिवस. नाचणी संपली तेव्हा तिनं कोंडा दळला, कोंडा संपला तेव्हा नुसताच दगडावर दगड फिरवला. पीठ कोण खाणार, सुवेराचं पीठ. त्या आषाढात गुरवाच्या म्हशींनी नाचणीचं पीठ खाल्लं. घरघर, घरघर, अख्ख्या गावाला पावसाच्या आवाजाखालून तो आवाज ऐकू यायचा. लोक झोपेतून उठले की आधी कान द्यायचे, चालू आहे का बघायचे, आणि मग चूळ भरायचे.

चौथ्या दिवशी कोंडाबाई गोठ्याच्या दारात आली. होय, तीच, चिंध्यांच्या संसारावर हसलेली. ती म्हणाली, "दे हिकडं दोन."

"सुवेर लागंल," ठमाई दळता दळता म्हणाली. "बारा दिस चुलीला शिवता यायचं न्हाई तुला."

"चूल इझून सा दिस झालं. आता इटाळ कुणाला व्हतोय?"

ठमाई हसली. त्या सगळ्या आषाढात ती तेवढी एकदाच हसली म्हणतात. कोंडाबाईनं दोन बाळोती चोळीच्या आत घातली आणि घरी जाऊन दळायला बसली. मग शेजारीण आली, तिची जाऊ आली, म्हाताऱ्या आल्या. संध्याकाळपर्यंत गावात दहा-बारा जाती फिरत होती, आणि प्रत्येकीच्या पोटाशी त्या ओंजळभर पोरीचं एकेक बाळोतं होतं. जिनं कोणाला कधी घोटभर ताक दिलं नाही, ती आपल्या अंगची ऊब देऊन गेली.

पण अंगाची ऊब येते कुठून? पोटातून. आणि पोटात जाऊन जाऊन काय जाणार, तर भिजलेले पोहे. पाचव्या दिवशी एकेक जातं थांबत गेलं. बायकांच्या अंगावर बाळोती ओलीच राहू लागली, उलट त्याच काकडायला लागल्या. शेवटी ठमाईचं एकटीचं जातं उरलं. दिवेलागणीच्या सुमाराला तेही थांबलं.

भिवा गुरव तेव्हा चुलीवर देवीच्या नैवेद्याचा भात ठेवत होता. जात्याचा आवाज थांबला आणि त्याचा हात तसाच राहिला. त्यानं वाट पाहिली. पुन्हा सुरू होईल, आता होईल. आवाज आला नाही. मग तो उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा बारा दिवसांच्या आत गोठ्याचा उंबरा ओलांडून आत गेला.

ठमाई जात्यावर कलंडली होती. तिचे ओठ काळेनिळे पडले होते आणि अंगावरच्या बाळोत्यांतून पाणी निथळत होतं. सगुणा मुलीला छातीशी धरून बसली होती. ती सासऱ्याला बघून दचकली नाही की तिनं पदर सावरला नाही. ती म्हणाली, "मामा, आता कोरडं एक बी न्हाई."

भिवानं मुलीच्या कमरेचं फडकं हातानं चाचपलं. घंटा वाजवून, आरती धरून, लाकडं फोडून त्याचा हातही राठच होता, त्याला काही कळलं नाही. मग तो वाकला आणि त्यानं आपला गाल त्या बाळोत्यावर ठेवला. उठला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. त्यानं अंगातली बंडी काढली, पोरीला उघड्या पोटावर धरलं आणि वरून उपरणं गुंडाळलं. सगळी ओली बाळोती खांद्यावर टाकली. "ठमीला उचला," त्यानं दारातल्या बायकांना सांगितलं, "आन् चुलीपाशी न्या."

गुरवानं स्वतःच्या हातानं देवीच्या चुलीवर दांडी बांधली आणि तिच्यावर बाळोती पसरली. खाली नैवेद्याचा भात शिजत होता, वर बाळोती वाळत होती, आणि भाताची वाफ कुठली न् बाळोत्यांची कुठली ते काही कळत नव्हतं. पोरगी पोटावर हळूहळू गरम व्हायला लागली. बायका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. सगळ्यांचे कान कड्याकडे होते.

भात झाला. आता हाच नैवेद्य देवीला दाखवायचा, दुसरा कुठून आणणार? भिवानं पोरीला सगुणाच्या पोटाशी दिलं आणि ताट घेऊन देवळात गेला. गाभाऱ्यात तो वाकला, आणि खांद्यावर विसरून राहिलेलं एक ओलं बाळोतं सटकलं ते थेट देवीच्या अंगावर पडलं. ते उचलायलाही त्याचा हात होईना. त्यानं हात जोडले. "आई, चुकलं आसंल तर माझ्यावर घे. गावावर नगं. त्या पोरीवर तर नगंच नगं." एवढं बोलून त्यानं देवळाचं दार ओढून घेतलं.

सकाळी सगळं गाव देवळापुढे जमलं. भिवानं दार उघडलं. असं म्हणतात की दार उघडताच आतून ऊब आली, वैशाखात दुपारी घराचं दार उघडल्यावर अंगणातून येते तशी. बाळोतं देवीच्या कमरेला होतं. कोणी बांधलं ते विचारू नका, पण त्याची नाडी बांधलेली होती, आणि गाठ नव्हती, नुसता वेढा होता. ते कडकडीत वाळलेलं होतं आणि त्याला उन्हाचा वास येत होता. भिवानं देवीच्या पाषाणाला हात लावला, मग गाल लावला. पाषाण तापलेला होता. मागच्या माणसांनी एकेक करून गाल लावला. म्हातारी माणसं तिथेच खाली बसली.

पाऊस मात्र थांबला नाही हं. तुम्हाला वाटलं असेल थांबला. तो पुढे अकरा दिवस कोसळतच होता. कडाही जागच्या जागी राहिला. आणि भिवा गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून गावाला एवढंच म्हणाला, "देवीनं बाळोतं वाळवायची आपली पाळी केली. आता तुमची."

ती पोरगी जगली. बाराव्या दिवशी तिचं नाव वाघू ठेवलं. तिनं दिवाळीचा दिवा बघितला, आणि पुढे असल्या पन्नास दिवाळ्या बघितल्या.

ठमाईही त्या खेपेतून वाचली, पण तिच्या अंगात पुन्हा कधी ऊब आली नाही. भर चैत्रात ती भिंतीशी उन्हाला बसायची आणि म्हणायची, गारठा आहे. हात बर्फासारखे. पण त्या हातांनी ती शिवतच राहिली. लोकांनी तिची बाळोती देव्हाऱ्यात ठेवायला सुरुवात केली, हळदकुंकू वाहायला लागले. ते कळल्यावर ती काठी टेकत घरोघर गेली आणि देव्हाऱ्यांतून बाळोती ओढून काढली. "मुतायला शिवल्यात," ती म्हणाली, "पुजायला न्हाई." ती रागावली की भिवा गुरवसुद्धा देवळाच्या मागच्या दारानं जायचा.

ती गेली तीही आषाढातच. म्हातारपणानं गेली, कोणाला त्रास न देता. पण उचलायची वेळ झाली आणि बायका अंघोळ घालायला गेल्या, तर हात लावून मागे सरल्या. अंग गरम होतं. जिवंतपणी जी वर्षानुवर्षं गार होती, तिचं अंग मेल्यावर गरम झालं होतं. वैद्याला आणलं, त्यानं नाडी बघितली, नाकाशी कापूस धरला, आणि मान हलवली. जीव गेला होता, ऊब राहिली होती. दुपार झाली तरी अंग गार होईना. पेटवायचं कसं? गाव दारात उभं राहिलं.

तेव्हा वाघू गर्दीतून पुढे आली. तिला नुकतंच लेकरू झालं होतं, नऊ दिवसांचं. सुवेर असून ती आली. ती ठमाईजवळ बसली, तिनं गालाला गाल लावला, आणि घरी गेली. परत आली ती आपल्या बाळाची ओली बाळोती घेऊन. एकेक बाळोतं तिनं ठमाईच्या अंगावर पसरलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांतून वाफ निघाली. पहिलं वाळलं, ते तिनं उचललं आणि दुसरं घातलं. दुसरं वाळलं, तिसरं वाळलं. गावात त्या दिवसांत आणखी दोन तान्ही होती, त्यांच्याही आया धावत गेल्या आणि आपापली बाळोती घेऊन आल्या. शेवटचं बाळोतं कोरडं झालं तसं ठमाईचं अंग गार पडलं. मग लोकांनी तिला उचललं. तोवर कोणी रडलं नव्हतं, मग मात्र पुरुषही रडले, असं म्हणतात.

उंबरघोळात ठमाईची समाधी नाही, छत्री नाही, मूर्ती नाही. पण पावसाळ्यात कोणाच्याही घरी मूल झालं, मग ते घर कोणाचंही असो, की बारा दिवस ठमाईची पाळी सुरू होते. पहिलं बाळोतं देवीच्या कमरेला जातं. मग रोज एकेका घरी ओली बाळोती येतात आणि घरातला प्रत्येक माणूस एकेक पोटाला बांधतो. आता गावात वीज आहे, दुकानात पुडकी मिळतात, लोक ती वापरतातही. त्यात काही पाप नाही, ठमाईला मिळाली असती तर तिनंही वापरली असती. पण पाळी चुकत नाही. शाळेवर नवीन आलेल्या गुरुजींना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओलं फडकं आणून देतं आणि सांगतं, "गुरुजी, पोटाला बांधा." गुरुजी आधी इकडेतिकडे बघतात. मग बांधतात आणि सदऱ्याच्या आत ते घेऊन दिवसभर पाढे शिकवतात.

बाराव्या दिवशी नाव ठेवण्याआधी ते बाळ गावात फिरवतात. ज्या ज्या घरानं त्याची बाळोती वाळवली, तिथे त्याला नेतात, आणि त्या घरातली माणसं सदरा वर करून, पदर बाजूला करून त्याला क्षणभर आपल्या उघड्या पोटाशी धरतात. बाळाला ओळख पटावी म्हणून. म्हातारे धरतात, नव्या सुना धरतात, ज्यांना स्वतःचं मूल नाही तेही धरतात, आणि त्यांना तर बाळ जरा जास्तच वेळ देतात. त्यामुळे उंबरघोळचं तान्हं रडत असलं आणि त्याची आई जवळ नसली, तर गावातल्या कोणीही उचलावं, ते गप्प होतं, असं म्हणतात. म्हणतात कशाला, जाऊन बघा.